‘अतिरिक्त पोर्ट सक्षम करा’ : एका सूचनावाक्याची अर्थपरीक्षा

संगणकविषयक सूचना मराठीत आणताना आपले सारे लक्ष नामांकडे लागते आणि क्रियापदे अपरीक्षित राहतात. ‘पोर्ट’ला द्वार म्हणावे की तोच शब्द ठेवावा, ‘सीरियल’ला अनुक्रमी म्हणावे की क्रमिक, यांवर हिरिरीने वाद होतात, परंतु ‘एनेबल’ला ‘सक्षम करणे’ हा पर्याय एकदा रूढ झाल्यावर त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः सूचनावाक्याचा प्राण क्रियापदात असतो. म्हणून प्रस्तुत टिपणात एकच वाक्य परीक्षेसाठी घेतले आहे : ‘संगणकफलकावरील अतिरिक्त सीरियल पोर्ट सक्षम करा.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. तथापि ‘अतिरिक्त’ आणि ‘सक्षम’ ही त्यातील दोन्ही पदे वस्तुस्थितीशी विसंगत आहेत, आणि त्या विसंगतीचा भार वाक्य वाचून काम करणाऱ्यावर पडतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उदाहरणादाखल २०१९ साली बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय ४’ हा एकाच फलकावर सामावलेला संगणक घ्यावा. त्याच्या मुख्य चिपमध्ये सीरियल संदेशवहनाचे सहा परिपथ आहेत. अक्षराचे बिट सुटे करून ते एकामागून एक एकाच तारेवर सोडणे, आणि तसे आलेले बिट पुन्हा जुळविणे, हे त्यांचे कार्य. या सहांपैकी एक परिपथ सामान्यतः ब्लूटूथच्या सेवेस दिलेला असतो व एक फलकाच्या कडेवरील पिनांसाठी राखलेला असतो. उरलेले चार चिपमध्येच असतात; मात्र त्यांच्याकडे काम नसते. प्रारंभी वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाईलीत ‘डीटीओव्हरले=यूएआरटी३’ अशी एक ओळ (अर्थात रोमन लिपीत) लिहून यंत्र पुन्हा सुरू केले, की त्यांपैकी एक परिपथ ४ व ५ या क्रमांकांच्या जीपीआयओ पिनांवर, म्हणजे कडेवरील ७व्या व २९व्या पिनेवर, कामास लागतो.

आता या क्रियेत नेमके काय घडले? नवे काहीच जोडले गेले नाही. परिपथ चिप घडली तेव्हापासूनच तेथे होता. तो सक्षमही झाला नाही. त्याची क्षमता पूर्वी होती तेवढीच आज आहे. घडल्या त्या तीन गोष्टी. एक, ज्या पिना अन्य कामांसाठीही वापरता येतात त्या या परिपथास देण्यात आल्या. दोन, असा परिपथ तेथे आहे हे संचालन-प्रणालीस कळविण्यात आले. तीन, त्यास प्रणालीत एक नाव मिळाले. नेमणूक, सूचना व नामकरण अशा या तीन भिन्न क्रिया असून ‘सक्षम करणे’ या एका क्रियापदाने त्या तिन्ही झाकल्या जातात.

‘अतिरिक्त’ या विशेषणाची गंमत अशी, की मराठीत त्याचे दोन अर्थ नांदतात. ‘अतिरिक्त आयुक्त’ हा मूळ आयुक्ताखेरीज आणखी एक अधिकारी. ‘अतिरिक्त शिक्षक’ मात्र पटावर असूनही ज्यास वर्ग नाही असा. इंग्रजी वाक्यातील अभिप्रेत अर्थ पहिला आहे; वस्तुस्थितीशी जुळतो तो दुसरा. आपले चार परिपथ अतिरिक्त शिक्षकांप्रमाणे समायोजनाची वाट पाहत आहेत. अशा शिक्षकास कोणी ‘सक्षम’ करीत नाही. त्यास शाळा देतात. म्हणजे योग्य क्रियापद आपल्या व्यवहारात आधीच तयार आहे : ‘नेमणे’.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. क्रियापद आपल्याबरोबर कारकांच्या अपेक्षा घेऊन येते. ‘सक्षम करणे’ यास कर्म मिळाले की त्याची आकांक्षा पूर्ण होते. ‘नेमणे’ यास मात्र कर्माबरोबर अधिकरणही हवे असते. ‘नेमा’ म्हणताच ‘कोठे?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तोच येथे कळीचा प्रश्न आहे. यूएआरटी ४ या परिपथाच्या पिना एसपीआय नावाच्या दुसऱ्या संदेशवहनासही लागतात. दोहोंची नेमणूक एकाच जागी झाली तर काम अडते. नावाचेही तसेच. प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत एकटा यूएआरटी ३ कामास लावला असता त्याच्या नावाच्या शेवटी ३ नव्हे, १ हा अंक येई. अशा वेळी ‘सक्षम’ हा शब्द वाचलेला विद्यार्थी दोष क्षमतेत शोधतो, फलकच बिघडला असे समजतो. ‘नेमणूक’ हा शब्द वाचलेला जागा व नाव तपासतो.

या गोष्टीचे महत्त्व कोल्हापुरात तरी उदाहरणांवाचून पटावे. ऊस-हंगामात ‘काटामारी’ हा शब्द या जिल्ह्यात सर्वतोमुखी असतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचा आकडा संगणकाकडे जातो तो पुष्कळदा १९६० साली आरंभ झालेल्या आरएस-२३२ या प्रमाणाच्या सीरियल तारेवरून. एकाच फलकाने दोन काटे वाचावयाचे तर दुसरा परिपथ नेमावाच लागतो. त्या प्रमाणात विद्युद्दाब अधिक वा उणे ३ ते १५ व्होल्टपर्यंत असतो, तर फलकाच्या पिनेस ३.३ व्होल्टच सोसतात. मध्ये परिवर्तक नसेल तर फलकास इजा पोहोचते. ‘सक्षम’ केलेले पोर्ट हा दाब सोशील असा समज त्या शब्दाने होणे अशक्य नाही. काट्याच्या आकड्याविषयी ज्यास शंका आहे त्यास ही तार आपल्या भाषेत वाचता आली पाहिजे. नाही तर शंका ही शंकाच राहते.

यावर कोणी म्हणेल, की उद्यमनगरातील कारागीर ‘एनेबल कर’ किंवा ‘चालू कर’ म्हणतो आणि त्याचे काम अडत नाही. खरे आहे. ‘चालू करणे’ हे ‘सक्षम करणे’हून सरसही आहे, निदान ते क्षमतेविषयी खोटी ग्वाही देत नाही. परंतु कारागिरास जागा हाताने ठाऊक असते. केवळ लेखावरून शिकणाऱ्यास ती वाक्यानेच सांगावी लागते. आमचा आग्रह शुद्धीचाही नव्हे. ‘पोर्ट’, ‘पिन’, ‘फाईल’ हे शब्द खुशाल राहावेत. यंत्रास द्यावयाची नावे तर जशीच्या तशीच राहणार. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु कोश पदे देतो, वाक्य देत नाही. वाक्य रचणाऱ्याने मूळ शब्दाचा नव्हे, घडणाऱ्या क्रियेचा अनुवाद करावयास हवा.

तसे केल्यास आपले वाक्य असे होईल : ‘यूएआरटी ३ हा परिपथ जीपीआयओ ४ व ५ या पिनांवर नेमा, तशी नोंद मांडणीच्या फाईलीत करा, यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्यास कोणते नाव मिळाले ते पाहा.’ हे वाक्य मूळाहून लांब आहे, हे मान्य. परंतु त्यातील प्रत्येक क्रियापदामागे एक खरी क्रिया आहे, आणि काम बिघडल्यास ते कोणत्या पायरीवर बिघडले हे वाचकास त्याच वाक्यावरून शोधता येते.