‘रडेनासे झाले’ : नवजात-परिचर्येच्या संशोधनातील भाषेचा प्रश्न

नवजात अर्भकाच्या परिचर्येवरील संशोधनाची समीक्षा भाषेच्या अभ्यासकाने करावी, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटेल. परंतु ज्या रुग्णास स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याच्याविषयीचे पुष्कळसे ज्ञान दुसऱ्याच्या बोलण्यातूनच मिळवावे लागते. तेथे भाषा हे तपासणीचे एक साधनच ठरते. आणि साधनाची पारख करणे हे समीक्षेचे काम होय.

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेले संशोधन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ३९ गावांत प्रत्यक्ष सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी त्याची मांडणी होती. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला ऊब मिळते की नाही ते पाहत, स्तनपानास साहाय्य करीत आणि जंतुदोषाची लक्षणे आढळताच प्रतिजैविकेही देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

पुढे २००५ साली याच संशोधकांनी जंतुदोष ओळखण्यासाठी सात लक्षणे मांडली : दूध ओढणे कमी वा बंद होणे, रडणे क्षीण वा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोटफुगी, श्वास घेताना छाती फार आत ओढली जाणे, बेंबीचा जंतुसंसर्ग, आणि ‘बाळ हाताला थंड लागते’ असे आईने सांगणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली, तर बाळास उपचाराची गरज आहे असे समजावे. आईचे सांगणे हेच एक लक्षण म्हणून येथे स्वीकारले गेले, हे या संशोधनाचे मोठे श्रेय आहे.

मात्र येथेच एक उणीव जाणवते. यांतील पहिली दोन लक्षणे स्थितीची नसून बदलाची आहेत. बाळ या क्षणी रडत नाही, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. काल रडत होते आणि आज रडत नाही, यात धोका आहे. हा भेद मराठीच्या व्याकरणातच आहे. ‘रडत नाही’ हे वर्णन झाले. ‘रडेनासे झाले’, ‘दूध ओढीनासे झाले’ यांत आधीची स्थिती गृहीत असते. आरोग्यदूत घटकाभर येते; आईने मात्र रात्रंदिवस पाहिलेले असते. ते सारे पाहणे या एका क्रियारूपात साठते. इंग्रजी लेखात हे सारे इंग्रजी संज्ञांत बसविले जाते आणि आईचे मूळ वाक्य वाचकाच्या हाती लागत नाही.

उलटपक्षी, काही शब्द फसवेही असतात. ‘बाळ थंड आहे’ म्हणजे अंग गार लागते, की हालचाल मंद आहे? ‘बाळ शांत आहे’ हे कौतुक, की मलूल होत चालल्याची पहिली खूण? शिवाय गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी व माडियाही बोलल्या जातात. आईचे बोलणे एका भाषेत, नोंद दुसरीत आणि निष्कर्ष तिसरीत, असा प्रवास झाला, तर प्रत्येक टप्प्यावर काय गळाले हे कोणी तपासावयाचे?

२०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकाची गृहाधारित सेवा देशभर राबविण्यात आली. त्यामुळे हा प्रश्न आता एका जिल्ह्यापुरता राहिलेला नाही. परिचर्येवर संशोधन करणाऱ्यांनी आईचे उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवावे, प्रश्नावलीत बदल विचारणारी क्रियारूपे योजावीत, आणि निबंधास मूळ वाक्यांची सूची जोडावी. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही येथे करण्याजोगे काम आहे. आईचा एक शब्द चुकीचा समजला गेला, तर उपचाराची वेळ टळून जाते. आणि नवजात बालकाच्या बाबतीत ती वेळ फार थोडी असते.