अरण्य, कारखाना आणि रेखाटन

निसर्ग आणि उद्योग यांच्या संघर्षावर अ‍ॅनिमेशनपट काढताना हिरवे रान निष्पाप आणि धुराडे दुष्ट ठरवले की कार्यभाग साधला, अशी समजूत अलीकडे दृढ होत चालली आहे. परंतु या कलेचे श्रेष्ठत्व जेथे खरोखर प्रत्ययास येते, तेथे कारखान्याची कैफियतही मनःपूर्वक ऐकून घेतलेली आढळते.

हायाओ मियाझाकी यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) हा याचा ठळक दाखला होय. लोहवाळूसाठी डोंगर पोखरणारी आणि कोळशासाठी अरण्य तोडणारी एबोशी अखेर वनदेवतेचे मस्तक उडवण्यापर्यंत मजल मारते. तथापि तिच्याच अंमलाखाली, कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया ताठ मानेने भट्टीचा भाता चालवतात आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना बंदुका घडवण्याचे काम व निवारा लाभतो. तिचा धिक्कार करावा तर या माणसांचे काय, हा प्रश्न प्रेक्षकाचा पिच्छा सोडत नाही.

इसाओ ताकाहाता यांचा 'पॉम पोको' (१९९४) याहूनही धीट आहे. टोकिओलगतच्या तामा टेकड्या सपाट करून उपनगर वसवण्याचे काम सुरू होते, आणि लोककथांत रूपांतराची विद्या अवगत असलेले तानुकी, म्हणजे कोल्ह्याच्या कुळातील ते रानप्राणी, आपला मुलूख राखण्यासाठी उठाव करतात. माणसाच्या दृष्टीसमोर ताकाहाता त्यांना चार पायांवर, प्राणिशास्त्राच्या काटेकोरपणाने रेखाटतात. माणसाची पाठ फिरताच तेच तानुकी दोन पायांवर उभे राहून सभा भरवतात, वाद घालतात, मोहिमा आखतात. बुलडोझर चालवणाऱ्याला जे जनावर दिसते, ती आपल्याला एक अख्खी रयत दिसते, आणि एकाच देहाचे हे दुहेरी दर्शन रेखेइतके सहज अन्य कोणत्याही माध्यमाला साधणारे नाही. त्यांच्या उठावात मजूर प्राणास मुकतात, हेही ताकाहाता झाकून ठेवत नाहीत. अखेरीस तानुकी हरतात. काही मनुष्यरूप धारण करून नोकरीधंद्याला लागतात.

माँट्रियलच्या फ्रेडरिक बॅक यांनी जाँ जिओनो यांच्या कथेवरून केलेल्या, ऑस्करने गौरवलेल्या 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' (१९८७) या लघुपटात रंगीत पेन्सिलींच्या कोमल रेषांतून उजाड डोंगरावर वन उगवते. त्यातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो: युद्धकाळात मोटारी लाकडाच्या वायूवर धावू लागताच या ओकवृक्षांवरही कुऱ्हाड पडते, आणि ते वाचतात ते केवळ वाहतूक परवडत नाही म्हणून.

'वॉल-ई' (२००८) मात्र पूर्वार्धातील कचऱ्याने व्यापलेल्या मूक पृथ्वीचे गांभीर्य शेवटी गमावतो; श्रेयनामावली सरकत असतानाच तेथे शेती फुलते, ओसाडी सरते.

या चौघांत मी पहिला मान 'पॉम पोको'ला देतो, कारण हरलेल्यांचा हक्क त्यांच्या पराभवानंतरही तेवढ्याच ठामपणे मांडण्याचे धैर्य इतर तिघांपैकी कोणालाही झालेले नाही.