कल्पिताला पुराव्याची अट : 'माय विनिपेग'च्या निमित्ताने

जन्मगावावरील अनुबोधपटाकडून प्रेक्षकाच्या साधारणतः दोन अपेक्षा असतात : गावाविषयीची विश्वसनीय माहिती आणि दिग्दर्शकाच्या आठवणींतील आत्मीयता. गाय मॅडिन या कॅनेडियन दिग्दर्शकाचा 'माय विनिपेग' (२००७) हा ऐंशी मिनिटांचा चित्रपट या दोन्ही अपेक्षा जागवतो आणि दोन्हींना तडा देतो. एका दूरचित्रवाणी वाहिनीसाठी केलेल्या या कृतीला मॅडिन 'डॉक्यु-फँटेसिया' म्हणतो. संज्ञा गमतीची वाटली तरी तिच्यात अनुबोधपटाच्या सत्यस्वरूपाविषयीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

चित्रपटाची चौकट साधी आहे. अर्धवट झोपेतला एक प्रवासी रेल्वेने शहर सोडू पाहतो, पण गाडी शहराबाहेर पडतच नाही. हा प्रवासी म्हणजे मॅडिन. भूमिका मात्र डार्सी फेर करतो आणि निवेदनाचा आवाज खुद्द मॅडिनचा आहे. शहरातून सुटण्यासाठी निवेदक बालपणीचे घर महिनाभर भाड्याने घेतो आणि १९६३ मधले कौटुंबिक प्रसंग तिथे पुन्हा घडवून आणतो. भावंडांच्या जागी नट येतात. आई मात्र स्वतःच स्वतःची भूमिका करते, असे निवेदक ठासून सांगतो. प्रत्यक्षात ही 'आई' म्हणजे 'डिटूर' (१९४५) या चित्रपटातील अभिनेत्री अॅन सॅव्हेज आहे. ओसरीतला गालिचा सरळ करण्यावरून होणारी कुटुंबाची हुज्जत पुनर्निर्मितीत इतकी लांबते की ती हास्यास्पद होते आणि त्याच वेळी खरीही वाटू लागते. स्मृती ही साठवण नसून दरवेळी नव्याने केलेला प्रयोग असतो, हे येथे विधानाने नव्हे तर कृतीने सिद्ध होते.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती शहराच्या इतिहासाची हाताळणी. निवेदक सांगतो की १९२६ मध्ये आगीतून पळालेले शर्यतीचे घोडे नदीत गोठले आणि त्यांची मुंडकी हिवाळाभर बर्फाबाहेर राहिली; त्यांच्यामधून प्रेमी युगुले फिरत. ही मॅडिनने रचलेली दंतकथा मानली जाते. तोच निवेदक त्याच सुरात सांगतो की १९ फेब्रुवारी १९४२ रोजी नाझी गणवेशातल्या लोकांनी विनिपेग 'जिंकले', महापौरांना अटक केली आणि शहराचे नाव बदलले. ही गोष्ट अधिक अविश्वसनीय असली तरी खरी आहे. युद्धकर्जाच्या प्रचारासाठी घडवलेला तो 'इफ डे' होता. त्याचे चित्रण आणि वृत्तांत उपलब्ध आहेत. आवाजाचा पोत एकच ठेवल्यामुळे खरे आणि कल्पित वेगळे करण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. अनुबोधपटाचा अधिकार पुराव्यात नसून निवेदकाच्या स्वरात असतो, हा संकेत अशा रीतीने उघडा पडतो.

या खेळामागे शोक आहे. ईटन्स या भव्य दुकानाची १९०५ ची इमारत आणि १९५५ चे हॉकीचे एरिना, दोन्ही चित्रपटापूर्वीच्या काही वर्षांत पाडली गेली. एरिनाचे उद्ध्वस्त होणे प्रत्यक्ष चित्रणात दिसते. आपला जन्म याच एरिनाच्या खेळाडूंच्या खोलीत झाला, असे निवेदक सांगतो तेव्हा ती थाप आहे हे कळूनही तिची गरज पटते. साक्ष देणारी वास्तू गेली की तिची जागा गोष्ट घेते.

तरीही या व्यूहाची मर्यादा नोंदवायला हवी. १९१९ च्या सार्वत्रिक संपात सुमारे तीस हजार कामगार उतरले होते. २१ जूनच्या गोळीबारात माणसे मेली. मॅडिन हा संप कॉन्व्हेंटमधील मुलींच्या भयकल्पनांशी जोडतो आणि त्यातले राजकारण विरघळून जाते. घोड्यांच्या बाबतीत मोहक ठरलेली मोकळीक येथे इतिहासाच्या अंगावर येते.

मराठीत जन्मगावाचा चित्रपटीय शोध दुर्मीळ आहे. रेणू सावंत यांचा 'मेनी मन्थ्स इन मिऱ्या' (२०१७) आपल्या मूळ गावाकडे वळतो तो कल्पिताच्या वाटेने नव्हे, तर दीर्घ सहवासाच्या वाटेने. मॅडिनची रीत जशीच्या तशी मराठवाड्यात आणता येईल का, हा प्रश्न म्हणून उरतोच. नांदेड जिल्ह्यातील धर्माबादचे उदाहरण घ्यावे. मिरचीची बाजारपेठ असलेले, तेलुगू आणि मराठीच्या सीमेवरचे हे गाव जागचे न हलता १९४८ नंतर निजामी राजवटीतून भारतात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. हे वास्तव 'इफ डे'इतकेच अद्भुत आहे. परंतु १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे नोंदवले त्यांत नांदेड होते. आणि तो अहवाल अनेक दशके प्रकाशित झाला नाही.

विनिपेगमध्ये कल्पित निरुपद्रवी राहते, कारण त्याला ताडून पाहण्यासाठी नोंद खुली असते. जिथे नोंदच कुलूपबंद होती, तिथे रचलेली गोष्ट आणि दडवलेली गोष्ट यांतला फरक प्रेक्षकाने कशाच्या आधारे करावा? मॅडिनच्या चित्रपटाने कल्पिताला अनुबोधपटात हक्काची जागा मिळवून दिली. मात्र तो हक्क विनाअट नाही. धर्माबादसारख्या गावाचा दिग्दर्शक आधी दप्तर उघडेल आणि मगच घोडे गोठवेल. त्याच्या कल्पिताची धार त्या क्रमावर अवलंबून राहील.