चौलचा नकाशा वाचताना

जुना नकाशा हाती आला की आपण आधी त्यात ओळखीचे काही शोधतो. स्थानिक इतिहास लिहिणारेही बहुधा तेच करतात. नकाशात तट दिसला की तट शोधायला निघायचे. तो सापडला की नकाशा खरा ठरला, आणि शोधही संपला. नकाशाला असा निव्वळ साक्षीदार मानणे मला अपुरे वाटते. नकाशा हेही लेखन आहे. त्याला लेखक असतो, वाचक असतो, आणि कुणासाठी लिहायचे हे ठरले की काय गाळायचे हेही ठरून जाते. रायगड जिल्ह्यातल्या चौल-रेवदंड्याच्या आधारे हे मांडून पाहतो.

पहिली अडचण नावाचीच आहे. पोर्तुगीज नकाशांतले तटबंदीचे ‘चौल’ म्हणजे आजचे रेवदंडा. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी कुंडलिकेच्या मुखाशी बस्तान बसवले. पुढे तिथे शहर उभे राहिले आणि शेजारच्या प्राचीन बंदराचे नाव त्यांनी आपल्या शहराला लावले. मूळ चौल त्यांच्या लेखी ‘वरचे चौल’ झाले. त्यामुळे तो नकाशा घेऊन आजच्या चौलमध्ये फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. थोडे दक्षिणेला रेवदंड्यात उतरले की मग सगळे जुळू लागते.

दोन चित्रणे शेजारी ठेवली की लेखकांतला फरक कळतो. जुआंव द कास्त्रो १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला गेला, तेव्हा त्याने वाटेतल्या बंदरांची वर्णने आणि चित्रे केली. त्याचा वाचक नाखवा होता. म्हणून त्याला खाडीचे तोंड, वाळूचे दांडे, किती वाव पाणी आहे हे महत्त्वाचे वाटते. १६३५ मध्ये आंतोनियो बोकारोने पोर्तुगीज सत्तेखालच्या किल्ल्यांचा आणि वसाहतींचा ग्रंथ राजासाठी सिद्ध केला. त्यातली चित्रे पेद्रो बारेतो द रेझेंदे याची. इथे तट, बुरूज, तोफा, उत्पन्न यांचा हिशेब आहे. तट वरून पाहिलेला आणि इमारती समोरून पाहिलेल्या, अशी ही चित्रांची तऱ्हा. ती मोजमापाची चूक समजून हसण्यात अर्थ नाही. दूरच्या धन्याला आपली मालमत्ता एका नजरेत दाखवायची ती रीत आहे.

ही मालमत्ता आज पाहायला गेलो तर अलिबाग-मुरूड रस्ता तटातूनच आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत चर्चांचे अवशेष. फ्रान्सिस्कन चर्चच्या मनोऱ्याला गाव ‘सातखणी’ म्हणते. आता सात खण उरलेले नाहीत, पण नाव टिकले आहे. कागदावर संताचे नाव, लोकांच्या तोंडी मजल्यांची मोजणी. मला ही दोन्ही नावे एकाच नकाशाचा भाग वाटतात.

वरचे चौल मात्र राजाच्या मालमत्तेत नव्हते, म्हणून त्या ग्रंथाचा खरा विषयही नव्हते. तिथला राजकोट, हमामखाना, रामेश्वराचे देऊळ, पिरार द लावालसारख्या प्रवाशाने वाखाणलेले रेशमी कापड विणणारे हात हे सगळे आपल्याला दुसरीकडे शोधावे लागते. खाडीपलीकडच्या कोर्लईचेही तसेच. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकलेला डोंगरावरचा किल्ला त्यांच्या नोंदींत ठळक आहे. १७४० मध्ये ते निघून गेले. पायथ्याच्या गावात मात्र पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीच्या सहवासात वाढलेली बोली आजही ऐकू येते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. किल्ला रेखाटणाऱ्याला ती दिसण्याचे कारणच नव्हते. पण चौलचा इतिहास लिहिणाऱ्याने ती सोडली, तर त्याने राजाचीच नजर उसनी घेतली असे होईल.

नकाशावर अविश्वास ठेवा, असे माझे म्हणणे नाही. त्याच्याशिवाय वाड्यांतल्या त्या पडक्या भिंती कशाच्या, हेही नीट कळले नसते. माझा आग्रह इतकाच की जे नकाशात नाही ते नव्हतेच, असे धरू नये. हा केवळ जुन्या कागदांचा प्रश्न नाही. महाराष्ट्राच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यांचे मसुदे आले, तेव्हा कोळीवाड्यांच्या सीमा आणि मासळी सुकवण्याच्या जागा त्यांत नीट दाखवलेल्या नाहीत, अशी हरकत मच्छीमारांनी घेतली. त्यांना नकाशाचा स्वभाव अभ्यासकांपेक्षा लवकर कळला होता. उद्या कुणी हाच कागद पुरावा म्हणून पुढे करील, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून जुना नकाशा घेऊन गावात जावे, पण तो मिटून ठेवण्याचीही तयारी असावी. वाडीत काम करणाऱ्याला ‘हे काय आहे’ असे विचारण्याआधी ‘याला तुम्ही काय म्हणता’ असे विचारावे. त्याच्या उत्तरात जे नाव येईल, ते नकाशाच्या समासात लिहून घ्यावे.