कंस कुठे आणि कशासाठी

सी भाषेत दहा पूर्णांकांचा अ‍ॅरे ‘इंट अ[१०]’ असा लिहितात. चल जसा वापरायचा तसाच तो जाहीर करायचा, हे डेनिस रिची यांचे सूत्र. साध्या चलापुरते ते छान जमते. फंक्शनच्या पॉइंटरांचा अ‍ॅरे लिहायची वेळ आली, की मुरलेला प्रोग्रामरही नावापासून सुरुवात करून कधी उजवीकडे, कधी डावीकडे चाचपडू लागतो.

मात्र सीचा खरा घोळ कंसाच्या जागेत नाही. अ‍ॅरे फंक्शनकडे धाडला की त्याचा पॉइंटर होतो आणि लांबी वाटेतच गळून पडते. पॅरामीटरच्या कंसात १० लिहा नाहीतर १००, प्रकार तोच राहतो. डी भाषेचे कर्ते वॉल्टर ब्राइट यांनी २००९ मध्ये यालाच सीची सर्वांत मोठी चूक ठरवले. पास्कलने दुसरे टोक गाठले होते. तिथे लांबी प्रकारातच गोठलेली, त्यामुळे दहांचा अ‍ॅरे घेणाऱ्या फंक्शनला विसांचा चालत नसे. ब्रायन कर्निहॅन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर जी टीका केली, तिच्यात हे दुखणे ठळक होते.

या दोहोंमधली वाट म्हणजे स्लाइस: पत्ता आणि लांबी एकत्र बांधलेली.

गो भाषेने २००९ मध्ये कंस प्रकाराच्या पुढे आणला. ‘[१०]इंट’ हा अ‍ॅरे, ‘[]इंट’ ही स्लाइस. ‘[२][३]इंट’ डावीकडून सरळ वाचता येते आणि निर्देशांकही त्याच क्रमाने देता येतात. रस्ट भाषेत हेच ‘[[इंट; ३]; २]’ होते, म्हणजे लिहिताना आतून बाहेर आणि वापरताना बाहेरून आत. वाचनीयतेत गो सरस आहे, यात वाद नसावा.

अर्थाच्या बाबतीत मात्र गोने कंसावर फार ओझे टाकले. तिची स्लाइस म्हणजे दुसऱ्याच्या अ‍ॅरेवरची खिडकीही आणि वाढणारी यादीही. अपेंड करताना, म्हणजे शेवटी घटक जोडताना, क्षमता (पुढची राखीव जागा) शिल्लक असेल तर मूळ अ‍ॅरेवरच लिहिले जाते, नसेल तर नव्या जागेत प्रत निघते. कोडची ओळ तीच, परिणाम दोन. पुढे १.२ आवृत्तीत स्लाइस कापताना क्षमता आवळणारा तिसरा आकडा आला, पण ते ठिगळच. रस्टने उसनी स्लाइस आणि वाढणारा ‘व्हेक’ वेगळे ठेवले, हे शहाणपणाचे. तिथेही लांबीच्या आकड्यावर जेनरिक कोड लिहिण्याची सोय स्थिर व्हायला २०२१ उजाडले. त्याआधी बराच काळ प्रमाण लायब्ररीतल्या कित्येक सुविधा ३२ घटकांपर्यंतच्याच अ‍ॅरेला मिळत.

 

झिग ही भाषा मात्र काहीच लपवत नाही. लांबी ठाऊक नसलेला पॉइंटर, लांबीसह स्लाइस, शून्याने संपणारी स्लाइस: प्रत्येकाला कंसात वेगळी खूण. नवख्याला ती चिन्हांची गर्दी वाटते, पण सीच्या लायब्ररीशी बोलताना नेमका हाच भेद चुकला की प्रोग्राम कोसळतो.

स्विफ्ट भाषेने ‘[इंट]’ हे सुटसुटीत रूप आधीच वाढत्या अ‍ॅरेला देऊन टाकले. ठरावीक लांबीचा अ‍ॅरे २०२५ मध्ये ६.२ आवृत्तीत आला, तेव्हा मोकळी जागा उरली नव्हती. आधी आकडा आणि प्रकार यांमध्ये ‘एक्स’ अक्षर सुचवले गेले. चर्चेअंती ‘ऑफ’ ठरला आणि ‘[४० ऑफ इंट]’ हे रूप पक्के झाले.