यशया व मीखा: एका भविष्यवचनाचे दोन पाठ

पुढें एके काळीं परकीय लोक यरुशलेमेच्या डोंगराकडे लोटतील, तेथील देवापासून धर्मनियम शिकतील व आपलीं शस्त्रें मोडून शेतीचीं अवजारें करितील, असें एक भविष्यवचन इब्री शास्त्रांत आहे. तें यशयाच्या दुसऱ्या व मीखाच्या चौथ्या अध्यायांत जवळजवळ शब्दशः सारखें आढळतें. सर्व जगाच्या धर्मांतराचें भाकीत म्हणून तें लावण्याचा प्रघात ख्रिस्ती व्याख्यानकारांत जुना आहे. कोल्हापुरांतही अमेरिकन मिशनचें कार्य इ. स. १८५२ पासून सुरू झालें. हा अर्थ मूळ पाठास कितपत पेलतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दभेद. यशयांत 'सर्व गोयीम्' लोटतील असें आहे. मीखांत तेथें 'अम्मीम्' असून 'सर्व' हा शब्दच नाहीं. पुढच्या वाक्यांत हेच दोन शब्द उलट क्रमानें येतात. मराठी भाषांतरांत 'राष्ट्रें' हा शब्द रूढ आहे. आजचा वाचक त्यावरून राज्यघटना व सीमा असलेलें राष्ट्र समजतो. मुळांत अभिप्रेत आहेत ते इस्राएलाबाहेरील जनसमूह.

दुसरा मुद्दा पोथीचा. मृत समुद्राजवळ इ. स. १९४७ मध्यें सांपडलेली यशयाची गुंडाळी इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे पूर्वीं उपलब्ध असलेल्या इब्री पोथ्यांहून सुमारें हजार वर्षांनीं जुनी आहे. तींत 'परमेश्वराच्या डोंगराकडे' हे शब्द गळले असून 'याकोबाच्या देवाच्या घराकडे' एवढेच आहेत. दोन्ही पदांच्या आरंभीं 'एल्' हें एकच अव्यय असल्यानें लेखकाची दृष्टि पहिल्यावरून दुसऱ्यावर गेली, हें उघड आहे. पूर्वीं विशाळगड जहागिरीचें ठाणें असलेल्या मलकापुरासारख्या गांवीं ज्यानें मोडी नकला मुळाशीं ताडून पाहिल्या असतील, त्यास ही चूक नवी वाटणार नाहीं. मीखाच्या पाठांत डोंगर व घर दोन्ही आहेत. प्राचीनतम पोथी म्हणजे शुद्धतम पाठ नव्हे, याचें हें चांगलें उदाहरण होय.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वचन संपतांच दोन्ही ग्रंथ वेगळे होतात. यशया याकोबाच्या घराण्यास परमेश्वराच्या प्रकाशांत चालण्यास बोलावितो. मीखा म्हणतो कीं, इतर लोक आपापल्या देवांच्या नांवानें चालतात, आम्ही आमच्या देवाच्या नांवानें चालूं. परकीयांनीं आपले देव टाकल्याचा उच्चार येथें नाहीं. उलट यशयाचाच साठावा अध्याय, जें राष्ट्र सेवा करणार नाहीं तें नष्ट होईल, असें बजावितो. तर एकोणिसाव्या अध्यायाच्या अंतीं मिसर, अश्शूर व इस्राएल एकाच आशीर्वादाचे भागीदार ठरतात.

तात्पर्य, या विषयावर या ग्रंथांतच एकवाक्यता नाहीं. हें वचन एकानें दुसऱ्यापासून घेतलें कीं दोघांनीं पूर्वप्रचलित स्तोत्रांतून, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. दोन्ही उपसंहारांची भिन्नता पाहतां दुसरा पक्ष आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. चैत्रांत जोतिबाच्या डोंगरावर गांवोगांवच्या सासनकाठ्या येतात, पण कोणी आपलें ग्रामदैवत त्यासाठीं टाकीत नाहीं. मीखाच्या उपसंहारासही असाच अर्थ शोभतो. हें वचन प्रमाण म्हणून पुढें मांडणाऱ्यानें त्यापुढील ओळही वाचून दाखविली पाहिजे.