‘तीव्रता’ या शब्दाचा घोळ

भूकंप झाला की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘भूकंपाची तीव्रता रिश्टर स्केलवर अमुक इतकी होती.’ हेच वाक्य मुलांच्या वहीत उतरते. वाक्य सोपे आहे, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत.

रिश्टर यांनी १९३५ मध्ये सुचवलेला आकडा हे भूकंपाचे परिमाण. ते भूकंपमापकाच्या आलेखावरून काढतात. एका भूकंपाचे परिमाण एकच असते. ते एकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. माणसे जागी झाली का, भांडी वाजली का, कोणत्या प्रकारच्या घराला किती इजा झाली, हे पाहून तिच्या १२ पायऱ्या ठरवतात.

हा फरक शिकवताना दिव्याचा दाखला देतात : दिव्याचे वॅट तेच, उजेड मात्र दूर जावे तसा कमी. दाखला चांगला, पण अपुरा. सारा फरक अंतरामुळेच पडतो, असे त्यातून मुलांना वाटते. उगमाची खोली, जमिनीचा प्रकार आणि घराची बांधणी या गोष्टी राहूनच जातात.

१४ मार्च १९३८ चा सातपुड्यातील भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्हींचे परिमाण ६.२ ते ६.३ च्या आसपास. पहिल्याचा उगम सुमारे ४० किलोमीटर खोल होता. तो दूरवर जाणवला, पण किल्लारीसारखा संहार झाला नाही. किल्लारीचा उगम उथळ, आणि वर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीची जड धाबी. पहाटे चारच्या सुमारास झोपेतली हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले सोनाळा किल्लारीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथल्या शिक्षकांनी मुलांना घरोघरी पाठवून विचारायला लावावे : त्या पहाटे काही जाणवले का? ‘नाही’ हे उत्तरही तीव्रतेची नोंदच आहे. शेजारी मुलांनी आपल्या घराच्या भिंती कशाच्या आहेत, तेही लिहावे.

परिमाण कमी करणे माणसाच्या हाती नाही. भिंत नीट बांधणे आहे. दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणत राहिलो, तर नेमके हेच मुलांपर्यंत पोहोचणार नाही.